बाहेर पडायचे पैसे

आत जायला काही लागत नाही, हे आधी सांगायला हवं.
पहिलं वर्ष फुकट. दार सताड उघडं.
निनादने तासाभरात आमची यादी तिथे नेऊन ठेवली:
चार हजार एकशे बारा रक्तदाते,
परदेशीपुऱ्यापासून राऊपर्यंत,
गट, मोबाइल, शेवटचं रक्त दिल्याची तारीख.
"काका, क्लाउडवर आहे. आता काळजी नाही."

मी एक्स-रेवाला माणूस. एकतीस वर्षं
अंधाऱ्या खोलीत लोकांच्या फासळ्या धुतल्या.
ढग म्हटलं की मला
फुप्फुसातली सावली दिसते.

दुसऱ्या वर्षी बिल आलं. तिसऱ्या वर्षी दुप्पट, डॉलरात.
खजिनदार फणसेबाईंनी वहीत नवी ओळ आखली,
'ढगभाडे', आणि पुढे
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

मग एका रात्री, निनादच्या कार्डाची मुदत संपली होती एवढ्यावरून,
यादी उघडेना.
एबी निगेटिव्ह हवं होतं. मुलगी नऊ वर्षांची.
मी तोंडपाठ नंबर लावत बसलो.
सहावा लागला.
त्या पाच नंबरांबद्दल मी कुणाशी बोललो नाही.

सकाळी म्हणालो, सामान घरी आण.
निनाद म्हणाला, आणतो, पण न्यायचे पैसे पडतात.
शिवाय सगळं त्यांच्याच मापाच्या फडताळात लावलंय,
तसं फडताळ बाहेर मिळत नाही.
उकलून साध्या डब्यांत भरावं लागेल.
मी विचारलं, लावताना माहीत होतं?
तो मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.

महाराणी रोडवर मुफद्दलभाईंच्या दुकानात
पुस्तकाएवढी यंत्रं उभी रचलेली,
एकेकाच्या पाठीवर बँकेचा अर्धवट खरवडलेला शिक्का.
"लीज का माल है, भिया. बयालीस सौ.
पंखा साफ कर लेना, बस."
पंखा मी साफ केला. शेव्हिंगच्या जुन्या ब्रशने.
एवढं एकच काम या सगळ्यात माझ्या ओळखीचं होतं.

निनादचे तीन रविवार आणि दीड किलो लवंगी शेव.
प्रोग्राम असे, की ज्यांच्या चाव्या कुणा एकाकडे नाहीत.
यादी साध्या तक्त्यात, उद्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर
उचलून ठेवता येईल अशी.
नाव तेवढं आमच्या मंडळाचं, नोंदवलेलं;
बिऱ्हाड बदललं तरी पाटी तीच.

सगळंच फुकट झालं असं नाही.
बाहेरच्यांना आत यायला एक छोटी खिडकी
अजून भाड्यानेच आहे. पण तो भाडेकरार
एका पानाचा आहे, आणि मी तो वाचलाय.

आता ते दवाखान्यातल्या जुन्या कपाटावर बसतं,
शेजारी दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेला यूपीएस.
महिन्याला नऊ युनिट खातं.
मे महिन्यात दोनदा बंद पडलं, एकदा पालीमुळे.
रात्री अकराला कुलूप उघडून मी स्वतः चालू केलं,
कुणाला ईमेल लिहून तिकीट नंबर न मागता.

दर रविवारी यादीची एक प्रत
बसने देवासला जाते, मेहुणीकडे,
पैठणीच्या घडीत.
ती डिस्कला 'तुमचं ते औषध' म्हणते.

परवा पावणेतीनला फोन आला. ओ निगेटिव्ह.
यादी उघडली. पहिला माणूस पुण्याला गेलेला,
दुसऱ्याने चार आठवड्यांपूर्वीच दिलेलं.
तिसरी बाई म्हणाली, येते, स्कूटीत पेट्रोल आहे का बघते.

फोन ठेवला. कपाटावर पंखा फिरत होता,
ब्रशचा एक केस राहिलाय त्यात बहुतेक,
टिक् टिक् करतो.
काढायला हवा.